वेल्डिंगच्या दुकानातली लाल-निळी नळी



दसरा जवळ आला की आपल्या बीड जिल्ह्यात वेल्डिंगच्या दुकानांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या उभ्या राहतात. माजलगाव, गेवराई, केज, धारूर, कुठेही बघा. ऊसतोडीला निघायच्या आत सगळ्यांना सगळं दुरुस्त करून हवं असतं. जोडकाम बहुतेक आर्क वेल्डिंगवर होतं, पण गंजून बसलेला बोल्ट कापायचा किंवा वाकलेला हूक तापवून सरळ करायचा, तर गॅसशिवाय भागत नाही. अशा गर्दीत आपल्या वर्गातलं एखादं पोरगं दुकानदाराच्या हाताखाली दिसतं. टॉर्च कारागिराच्या हातात असते. नळ्या ओढणं, गुंडाळणं, क्लिप आवळणं ही कामं मात्र त्या पोराकडे येतात.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर 18 वर्षांखालच्या मुलांना ज्वलनशील व स्फोटक पदार्थांच्या कामावर ठेवता येत नाही. "सुट्टीत जरा शिकतोय" म्हणून पाठवणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. ज्याला खरंच वेल्डर व्हायचंय त्याच्यासाठी आयटीआयमध्ये एक वर्षाचा वेल्डर ट्रेड आहे. तिथे हेच काम शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकायला मिळतं.

आता नळीकडे वळू. गॅस वेल्डिंगमध्ये दोन वायू लागतात. एक जळणारा, म्हणजे ॲसिटिलीन (दहावीच्या भाषेत इथाइन) किंवा एलपीजी. दुसरा ऑक्सिजन, जो स्वतः जळत नाही पण जळायला मदत करतो. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत 3,000 अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि लोखंड साधारण 1,500 अंशांवर वितळतं. हे दोन वायू एकमेकांना भेटायला हवेत ते फक्त टॉर्चमध्ये. त्याआधी, म्हणजे नळीत किंवा रेग्युलेटरमध्ये भेटले तर तिथे पेटायला तयार मिश्रण बनतं. नळीच्या बाबतीतले बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

म्हणूनच रंग ठरवलेत. ऑक्सिजनची नळी निळी, ॲसिटिलीनची लाल. एलपीजीसाठी आंतरराष्ट्रीय मानकात नारिंगी रंग आहे. सिलिंडरचे रंग वेगळे असतात, ऑक्सिजनचा काळा आणि ॲसिटिलीनचा मरून. त्यामुळे जुन्या दुकानांत काळी आणि मरून नळीही दिसते. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, तेव्हा शिकवताना दोन्ही जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

रंग उन्हाने उडाला तरी चूक होऊ नये म्हणून आणखी एक सोय आहे, आणि मला ती फार आवडते. ऑक्सिजनच्या नटाचे आटे उजवे, नेहमीच्या नटासारखे. जळणाऱ्या वायूच्या नटाचे आटे डावे, आणि त्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचा असतात. म्हणजे अंधारातसुद्धा बोटांना कळतं. नट बसत नसेल तर तो जोर लावून बसवायचा नसतो, तो "चुकीची जागा आहे" असं सांगत असतो. कारागीर कधी कधी एका वायूची जुनी नळी कापून दुसऱ्याला लावतात. हे कधीच करू नये. लाल नळीत ॲसिटिलीनचा अंश राहिलेला असतो. त्यात ऑक्सिजन सोडला की वर सांगितलेलं मिश्रण तयार.

विकत घेताना नळीवरचा मजकूर वाचा. भारतीय मानक आयएस 447 चा उल्लेख, कंपनीचं नाव, आतला व्यास, उत्पादनाचं वर्ष. चांगल्या नळीला तीन थर असतात: आत गुळगुळीत रबर, मध्ये दाब सहन करणारं धाग्याचं विणकाम, बाहेर जाड आवरण. पाण्याची किंवा फवारणीच्या पंपाची नळी दिसायला तशीच असली तरी चालत नाही. एलपीजी वापरणाऱ्या दुकानाने तर नक्की विचारावं, कारण ॲसिटिलीनच्या साध्या रबरी नळीला एलपीजी हळूहळू खराब करतो, त्यासाठी वेगळ्या रबराची नळी मिळते. लांबी गरजेपुरतीच घ्या. जास्तीची नळी पायात येते, ट्रॉलीच्या चाकाखाली जाते.

नवी नळी जोडण्याआधी तिच्यातून तोच वायू थोडा सोडून आतली भुकटी बाहेर काढतात. हे उघड्यावर आणि जाळापासून दूर करायचं. जोडाला तारेचा पीळ नको, योग्य मापाची क्लिप हवी. दोन ॲसिटिलीन नळ्या जोडायला तांब्याचा तुकडा वापरणं तर फारच धोक्याचं, कारण ॲसिटिलीन आणि तांबं यांच्यापासून धक्क्यानेही फुटणारा पदार्थ बनतो. पितळी जोड चालतात, पण तेही याच कामासाठी बनवलेले हवेत. आणि ऑक्सिजनच्या नळीला, नटाला, रेग्युलेटरला तेल-ग्रीस अजिबात लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. आमच्याकडे आटा अडकला की पहिला हात ग्रीसच्या डब्याकडे जातो, म्हणून हे मुलांना दोनदा सांगावं लागतं.

आता 'फ्लॅशबॅक'. नोझल चिकटली किंवा दाब चुकला, तर जास्त दाबाचा ऑक्सिजन दुसऱ्या नळीत उलटा शिरतो. मग ज्योत टॉर्चमधून मागे, नळीकडे धावते. 'फट्' असा एकदा आवाज होऊन ज्योत विझली तर तो साधा बॅकफायर. पण आत शिट्टीसारखा आवाज येत राहिला, तर टॉर्चच्या दोन्ही चाव्या आणि मग सिलिंडर लगेच बंद करायचे. हे टाळायला टॉर्चजवळ वायूला एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरजवळ फ्लॅशबॅक अरेस्टर लावतात. छोट्या दुकानांत हेच सर्रास वगळलेलं दिसतं. ज्या नळीत एकदा आग शिरली ती बाहेरून धड दिसली तरी आतून जळालेली असते, ती टाकून द्यावी. ॲसिटिलीनचा दाबही 1 किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) वर नेऊ नये, त्यापुढे हा वायू ऑक्सिजन नसतानाही फुटू शकतो.

रोजची तपासणी पाच मिनिटांची आहे. नळी हाताने वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या, आतला धागा दिसला, कुठे फुगवटा किंवा ठिणगीचा डाग असला तर ती बदला. चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली रबर लवकर कडक होतं, म्हणून नळी सावलीत, मोठ्या वेटोळ्यात टांगावी. गळती साबणाच्या फेसाने तपासायची, काडी लावून कधीच नाही. काम संपलं की सिलिंडर बंद करून नळीतला दाब सोडून द्यायचा. रात्रभर दाब राहिला आणि एलपीजी गळला, तर तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि सकाळी शटर उघडून कुणी काडी ओढतं.

वर्गात हा पाठ घ्यायला टॉर्च नको. घरच्या शेगडीपासून सुरुवात करा. घरची नारिंगी 'सुरक्षा' नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. मुलांना घरी जाऊन ती तारीख वहीत लिहून आणायला सांगा. साबणाच्या फेसाची परीक्षा मात्र आई-वडील सोबत असतानाच, शेगडी बंद ठेवून आणि घरात कुठेही जाळ नसताना करायला सांगा.