चौकटीतली चौकट: टर्मिनलच्या पडद्यावरील मांडणीचे गणित

भोपाळच्या दक्षिणेस, रायसेन जिल्ह्यात वसलेल्या मंडीदीप या औद्योगिक नगरीत ‘कंटेनर’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. येथील डेपोतून मालाने भरलेल्या पेट्या बंदराच्या वाटेला लागतात. ४० फुटी सपाट वाघिणीवर ४० फुटांची एक पेटी बसते किंवा २० फुटांच्या दोन. तिसरीला जागा नसते. संगणकाच्या टर्मिनलवर, म्हणजे केवळ अक्षरांनी भरणाऱ्या पडद्यावर, चालणाऱ्या प्रणालींची मांडणीही याच शिस्तीने होते. येथला कंटेनर ही बहुधा न दिसणारी चौकट असते आणि तिच्या पोटात बटणे, तक्ते, मजकुराचे रकाने असे घटक, अर्थात ‘विजेट’, बसवायचे असतात.

टर्मिनलचा पडदा चौकोनी घरांचा बनलेला असतो. १९७८ साली आलेल्या ‘व्हीटी १००’ या टर्मिनलवर २४ ओळी आणि ८० रकाने, म्हणजे एकूण १,९२० घरे होती. ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ मधील छिद्रपत्रातून आलेला. पुढे ‘कर्सेस’ या ग्रंथालयाने पडद्यावर लिहिणे सोपे केले. तरी कोणती गोष्ट कितव्या ओळीत व कितव्या रकान्यात ठेवायची, हे प्रोग्रामरलाच सांगावे लागे. खिडकीचा आकार बदलला की सारे हिशेब नव्याने मांडणे आले.

‘टेक्स्चुअल’सारख्या आजच्या साधनांत हे काम कंटेनरकडे सोपवले जाते. उभा कंटेनर आपले घटक एकाखाली एक रचतो, आडवा शेजारी शेजारी, तर जाळीचा कंटेनर ओळी आणि रकान्यांत. घटकाचा आकार तीन प्रकारे सांगता येतो: ठरावीक घरे, मजकुरापुरती जागा किंवा उरलेल्या जागेतील वाटा. कंटेनर पहिल्या दोन प्रकारांची जागा आधी बाजूला काढतो आणि उरलेली वाटेकऱ्यांत प्रमाणानुसार विभागतो. २४ ओळींत मथळ्याला १ आणि तळाच्या पट्टीला २ ओळी दिल्या, तर मधल्या भागाला २१ उरतात. त्या भागाची ८० घरांची रुंदी एकास तीन या प्रमाणात वाटली, तर यादीला २० आणि तक्त्याला ६० घरे मिळतात.

अर्धे घर मात्र नसते. ८० घरे तिघांत सारखी वाटता येत नाहीत. दोघांना २७ आणि एकाला २६ द्यावी लागतात. याहून फसवी चूक वेगळीच. कंटेनर म्हणतो, ‘मुलांना लागेल तेवढा मी’. मूल म्हणते, ‘आईकडे उरेल तेवढे मी’. दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले की घटक आक्रसून दिसेनासा होऊ शकतो किंवा भलताच पसरतो. म्हणून साखळीत कोठेतरी एक माप पक्के असावे लागते.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. समजा, एखाद्या कारखान्यात रात्रपाळीचा कर्मचारी अशा पडद्यावर मालाचे वजन पाहतो आहे. वजन १२५०० किलो आहे. पण अरुंद खिडकीत रकान्याला चारच घरे मिळाली आणि शेवटचे शून्य कापले गेले. त्याला दिसेल १२५०. पडद्यावर कोणतीही चूक झळकणार नाही आणि आकडा दहापट खोटा असेल. म्हणून आकड्यांच्या रकान्याला किमान रुंदी द्यावी, जागा अपुरी पडल्यास मजकूर सरकवण्याची सोय ठेवावी आणि काही कापले गेलेच तर तशी खूण दिसावी.

मराठीसाठी आणखी एक पेच आहे. ‘मंडीदीप’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा वाटतो. युनिकोडमध्ये मात्र त्याची सात चिन्हे होतात, कारण अनुस्वार आणि दोन वेलांट्या स्वतंत्र मोजल्या जातात. काही साधने या शब्दाला चार घरे देतात, काही सहा. मांडणी करणारी प्रणाली आणि प्रत्यक्ष टर्मिनल यांची मोजणी जुळली नाही, तर त्या ओळीतली उजवीकडची रेघ पुढेमागे सरकते आणि चौकट मोडते. त्यामुळे अशा प्रणालीची चाचणी इंग्रजी नावांवर आटोपून चालत नाही. जोडाक्षरे आणि वेलांट्यांनी भरलेली खरी नावे २४ ओळी व ८० रकान्यांच्या खिडकीत उघडून पाहावीत, मग खिडकी आणखी अरुंद करावी. त्यानंतरही प्रत्येक आकडा पूर्ण वाचता आला, तरच ती मांडणी कामावर पाठवण्याजोगी झाली असे समजावे.