विश्लेषण : शिडाची नौका किती वेगवान, हे बांधण्याआधी कसे कळते? ऑलिन स्टीफन्स यांनी काय बदलले?

अमेरिका कप ही शिडाच्या नौकांची सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा. 1937 ते 1980 या काळात ती नऊ वेळा झाली. त्यांपैकी आठ वेळा जिंकणारी नौका न्यूयॉर्कच्या ‘स्पार्कमन अँड स्टीफन्स’ या एकाच कंपनीच्या आराखड्यातून आलेली होती. त्यामागचे मुख्य नाव ऑलिन स्टीफन्स (1908-2008). त्यांच्याकडे इंजिनीअरिंगची पदवी नव्हती.

सुरुवात कशी झाली?

स्टीफन्स ‘एमआयटी’त दाखल झाले, पण आजारपणामुळे पहिल्याच वर्षी शिक्षण सुटले. 1929 मध्ये नौकाविक्रीच्या व्यवसायातील ड्रेक स्पार्कमन यांच्यासोबत त्यांनी कंपनी काढली. पुढच्याच वर्षी ‘डोराड’ पाण्यात उतरली. लांबी 52 फूट आणि बांधा अरुंद. 1931 च्या अटलांटिकपार शर्यतीत 23 वर्षांचे स्टीफन्स स्वतः कप्तान होते. मोठ्या नौकांना मागे टाकून ‘डोराड’ दोन दिवस आधी पोहोचली. न्यूयॉर्कने त्यांची मिरवणूक काढली.

टोइंग टँक म्हणजे काय?

लांबलचक हौदात नौकेचे छोटे मॉडेल ओढायचे आणि पाणी किती विरोध करते ते मोजायचे, ही पद्धत जहाजांसाठी आधीपासून होती. पण जहाज सरळ जाते. शिडाची नौका वाऱ्याने कलते आणि थोडी आडवीही सरकते. स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटचे प्रा. केनेथ डेव्हिडसन यांनी 1930 च्या दशकात मॉडेल कलते ठेवून हे आडवे बलही मोजले. त्यासाठी त्यांनी स्टीफन्स यांच्याच ‘गिमक्रॅक’ नौकेचा आधार घेतला. 1937 च्या ‘रेंजर’साठी स्टारलिंग बर्जेस आणि स्टीफन्स यांची मॉडेल्स याच हौदात तपासली गेली. ‘रेंजर’ने ब्रिटनच्या ‘एंडेव्हर-2’ला 4-0 असे हरवले.

‘इंट्रेपिड’मध्ये वेगळे काय होते?

तोपर्यंत सुकाणू कीलच्या, म्हणजे नौकेच्या तळाखालील वजनदार पात्याच्या, मागच्या कडेला जोडलेले असे. 1967 च्या ‘इंट्रेपिड’मध्ये स्टीफन्स यांनी ते कीलपासून सोडवून मागे नेले. त्यामुळे कील लहान झाली आणि पाण्याशी होणारे घर्षण घटले. कीलच्या कडेला एक हलणारी पट्टीही बसवली. ‘इंट्रेपिड’ने 1967 आणि, ब्रिटन चान्स यांनी केलेल्या बदलांनंतर, 1970 मध्ये कप राखला.

मॉडेल कुठे फसवते?

1970 मध्ये ‘इंट्रेपिड’ने निवड फेरीत ज्या नौकेला हरवले, ती ‘व्हॅलियंट’ स्टीफन्स यांचीच नवी नौका होती. हौदातील आशादायक आकडे समुद्रात उतरले नाहीत. कारण असे : मॉडेल लहान करता येते, पाणी ‘लहान’ करता येत नाही. वेग प्रमाणात कमी केला की लाटांचा विरोध बरोबर मोजता येतो. पण घर्षणाचे प्रमाण मॉडेलमध्ये जास्त असते आणि ते गणिताने वजा करावे लागते. मॉडेल जितके छोटे, तितकी या वजाबाकीतली लहानशी चूक मोठी होते.

नियमांचे काय झाले?

वेगवेगळ्या आकारांच्या नौका एकत्र धावतात तेव्हा मोजमापांवरून त्यांना वेळेची सवलत मिळते. यासाठीचा ‘आयओआर’ हा आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या तांत्रिक समितीचे स्टीफन्स अध्यक्ष होते. डिझायनरांनी पळवाट शोधली. जिथे माप घेतले जाते, तिथेच फुगवटा द्यायचा! नौका विचित्र आकाराच्या होऊ लागल्या. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत वादळात 15 स्पर्धकांचा मृत्यू झाला. त्यानंतर रुंद, हलक्या नौका उलटल्यावर पुन्हा सरळ होतात का, हा प्रश्न ऐरणीवर आला. दरम्यान, संगणकावर संपूर्ण नौकेचा संभाव्य वेग काढण्याची पद्धत ‘एमआयटी’त विकसित झाली होती. तिला स्टीफन्स यांचा पाठिंबा होता.

आज काय उरले?

शर्यतीच्या नौका आता बांधण्याआधी संगणकावर ‘धावतात’. हौदापासून संगणकापर्यंत धडा एकच आहे : मोजल्याशिवाय बांधू नये, पण नेमके काय मोजतो आहोत, हे आधी तपासावे. आणि ‘डोराड’? तिने 1936 मध्ये लॉस एंजेलिस-होनोलुलू ही ‘ट्रान्सपॅक’ शर्यत जिंकली होती. 77 वर्षांनी, 2013 मध्ये, वेळेच्या सवलतीचा हिशेब धरून तीच शर्यत तिने पुन्हा जिंकली.