तेलाचा कोंडलेला दाब



पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत खोडद नांवाचें गांव आहे. आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड रेडिओ-दुर्बिणीमुळें तें नांव दूरदेशींच्या विद्वानांनाहि ठाऊक झालें आहे. या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या त्या परिसरांत पसरल्या असून अतिदूरच्या तारकापुंजांतून येणाऱ्या क्षीण लहरी त्या टिपतात. परंतु आज मी आपणांस त्या थाळ्यांकडे नेणार नाहीं. त्यांच्या शेजारच्या शिवारांत, बांधावर उभ्या असलेल्या एका पलटी नांगरापाशीं आपण जाऊं.

वैशाखांतील दुपार आहे, असें समजा. कांदा निघून रान मोकळें झालें आहे आणि पावसापूर्वीं नांगरट उरकावयाची आहे. नांगर आठ दिवस उन्हांत पडलेला आहे. ट्रॅक्टर मागें घेऊन तीन ठिकाणीं पिना बसविल्या, नांगर जोडला गेला. आतां त्याच्या दोन रबरी नळ्या ट्रॅक्टरच्या पाठीमागील तोंडांत बसविल्या कीं काम सुरू. एक नळी सहज बसते, दुसरी कांहीं केल्या बसत नाहीं. चालक दोन्ही तळहात लावून रेटतो, गुडघा लावतो, घामाघूम होतो. शेवटीं म्हणतो, "दादा, हातोडीचा एक ठोका घालतों, म्हणजे बसेल." मालकहि घाईंत असतो. तो म्हणतो, "घाला, पण जपून."

तो ठोका कां घालूं नये, हें आज सांगावयाचें आहे. आपणांपैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड शहरांत असलें तरी भाऊ, मामा किंवा मेहुणे गांवीं शेती पाहतात. सुटींत गेलेल्या आपल्या मुलांना त्या ट्रॅक्टरचें मोठें आकर्षण असतें. म्हणून ही माहिती केवळ शेतकऱ्यांपुरती नाहीं.

प्रथम नांगराविषयीं दोन शब्द. साधा नांगर माती एकाच बाजूस टाकतो. त्यामुळें रिकाम्या फेऱ्या पडतात किंवा रानांत उंचवटे राहतात. पलटी नांगराला एकमेकांच्या उलट असे फाळांचे दोन संच असतात. बांधापाशीं आल्यावर नांगर उचलावयाचा, सबंध सांगाडा उलटा फिरवावयाचा आणि त्याच तासाला लागून परत यावयाचें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां तो बैलांच्या बळावर चाले व माणसाच्या मनगटानें वळे. आज कित्येक मणांचा सांगाडा एक बोट न लावतां पालथा होतो, तो तेलाच्या दाबानें. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कलचा सिद्धान्त १६६३ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं त्याच तत्त्वावर दाबयंत्राचें पेटंट घेतलें. आणि १९३९ सालीं हॅरी फर्ग्युसन यांची तेलाच्या दाबानें अवजार उचलण्याची रचना फोर्डच्या ट्रॅक्टरवर बसली. आपल्या शिवारांतील ट्रॅक्टर त्याच परंपरेंतील आहेत.

ट्रॅक्टरमधील पंप तेल ढकलतो, तें नळींतून नांगरावरील जॅकमध्यें जातें व जॅकचा दांडा सांगाडा फिरवितो. दुसऱ्या नळीनें तेल परत टांकींत येतें. नळ्या वारंवार जोडाव्या-सोडाव्या लागतात, म्हणून त्यांच्या टोकांना कपलर असतात. कपलरचे दोन भाग, एक नर व एक मादी. प्रत्येकांत स्प्रिंगनें मिटलेली एक लहानशी झडप असते. दोन भाग अलग केले कीं दोन्ही झडपा आपोआप मिटतात. तेल सांडत नाहीं व धूळ आंत जात नाहीं. दोन भाग जोडले कीं झडपा एकमेकींना मागें रेटतात आणि वाट मोकळी होते.

येथेंच अडचणीचें मूळ आहे. झडपेनें मागें सरावयाचें म्हणजे तिच्या पाठीशीं असलेल्या तेलानें थोडीशी जागा द्यावयास हवी. तें तेल जर आधींच दाबाखालीं कोंडलेलें असेल, तर तें जागा देत नाहीं. झडपेच्या तोंडाचा व्यास १२ मिलिमीटर धरला, तर क्षेत्र एक चौरस सेंटिमीटरहून किंचित् अधिक भरतें. आंत दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोग्रॅम दाब राहिला असेल, तर त्या चिमुकल्या झडपेवर एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका भार झाला. चालकाचे तळहात हरतात, त्यांत नवल नाहीं.

हा दाब कोंडतो कसा? त्याचीं तीन कारणें आहेत. पहिलें, सांगाडा उलटून टेकल्यावरहि लिव्हर क्षणभर धरला जातो. पंप दाब वाढवीत राहतो आणि लिव्हर मध्यावर येतांच तेवढा दाब नळींत अडकतो. दुसरें, अवजार उचललेल्या स्थितींत सोडलें तर त्याचें सारें वजन जॅकमधील तेलावर बसून राहतें. तिसरें कारण ऊन, आणि तें सर्वांत फसवें आहे, कारण सोडतांना दाब नसला तरी मागाहून तो उत्पन्न होतो.

तिसऱ्याचें गणित पाहण्याजोगें आहे. दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅम दाब वाढविला, तर तेल सुमारें १५,००० व्या भागाइतकेंच आकसतें. उलट एक अंश सेंटिग्रेड उष्णता वाढली, तर १०,००० भागांत सुमारें ७ भाग फुगतें. म्हणजे फुगण्यास मुळींच जागा नसेल तर एका अंशाला सुमारें १० किलोग्रॅम दाब चढतो. रबरी नळी थोडी ताणली जाते, म्हणून प्रत्यक्ष वाढ यापेक्षां कमी असते. तरी पहांटेच्या गारव्यापासून भर दुपारच्या तापलेल्या लोखंडापर्यंत तीस अंशांचा फरक पडला, तर काय होईल याची कल्पना करावी. सकाळीं बसणारी नळी दुपारीं बसत नाहीं, याचें गूढ इतकेंच आहे.

घरांतील कुकर आठवा. आंत वाफ कोंडलेली असतां झांकण उघडत नाहीं, आणि शहाणी गृहिणी तें बळानें उघडूं पाहत नाहीं. ती वाफ जिरूं देते. तेलाच्या बाबतींत एक गोष्ट अधिक सोयीची आहे. तें फारसें आकसलेलें नसल्यामुळें दाब उतरण्यास एक-दोन चमचे तेल बाहेर पडलें तरी पुरतें. प्रश्न एवढाच, कीं तें कोठून व कसें सोडावयाचें.

हातोडी हा त्याचा मार्ग नव्हे. ठोक्यानें झडपेची कड चेपते व ती पुन्हां नीट मिटत नाहीं. लोखंडाचा कीस तेलांत जाऊन पंपापर्यंत पोंचतो. याहून भयंकर म्हणजे दाबाखालील तेलाची बारीक चिळकांडी सुईसारखी कातडींत शिरते. जखम टाचणी टोंचल्याएवढी दिसते, प्रथम फारसें दुखतहि नाहीं, आणि माणूस फडकें बांधून कामास लागतो. आंत मात्र तेल मांस नासवीत जातें; उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. अशा वेळीं कांहीं तासांच्या आंत शल्यवैद्याकडे जावें आणि तेल दाबानें आंत गेलें आहे, हें त्यांस स्पष्ट सांगावें. गळती शोधण्यास नळीवरून हात कधीं फिरवूं नये. पुठ्ठ्याचा किंवा लांकडाचा तुकडा धरावा.

मग योग्य रीत कोणती? ती जोडण्याच्या वेळची नसून सोडण्याच्या वेळची आहे. काम संपल्यावर ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करावा. नांगर पूर्णपणें जमिनीवर टेकवावा. ट्रॉली असेल तर ती खालीं बसवावी. इंजिन बंद करावें. मग नळ्या जोडलेल्या असतांनाच लिव्हर तीन-चार वेळां पुढें-मागें करावा. त्यायोगें दोन्ही बाजूंचें कोंडलेलें तेल टांकींत परततें. कांहीं नव्या ट्रॅक्टरांत ही झडप विजेवर चालते. तेथें इंजिन बंद ठेवून किल्ली मात्र चालू ठेवावी लागते. नंतर नळ्या सोडाव्या, टोंकांना टोपणें घालावीं व शक्य तर नळ्या सावलींत गुंडाळून ठेवाव्या. अवजार वर असतां हा लिव्हर हलविला तर तें खालीं आदळतें, म्हणून टेकविण्याचा क्रम चुकवूं नये. आणि उचललेल्या अवजाराखालीं कोणी, विशेषतः मूल, असतां कामा नये.

जोडतांना पुन्हां इंजिन बंद करून लिव्हर हलवावा. परंतु हें ध्यानांत ठेवावें, कीं त्यामुळें ट्रॅक्टरकडील दाब उतरतो, नांगराकडील नाहीं. नळी एकदां अलग झाली म्हणजे ट्रॅक्टरच्या लिव्हरचा तिच्याशीं संबंध तुटतो. नांगराकडचा दाब उन्हामुळें चढला असेल तर जॅक व नळ्यांवर ओलें पोतें घालावें आणि थांबावें, किंवा पहांटे जोडावें. एवढ्यानेंहि न भागल्यास मिस्त्रीस बोलवावें. नांगर जमिनीवर टेकलेला आहे याची खात्री करून, डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे घालून, जोडावर जाड फडकें धरून तो नट किंचित् सैल करतो व थेंब-थेंब तेल उतरूं देतो. दाबाखालींहि जोडले जाणारे कपलर आतां मिळतात. ज्यांना रोज अवजारें बदलावीं लागतात त्यांस तो खर्च परवडतो.

आतां आपल्या बांधाकडे परत येऊं. चालकाच्या हातांतील हातोडी मालकानें काढून घेतली. लिव्हर हलविला, नळीवर ओलें पोतें टाकलें आणि दोघे बाभळीखालीं चहा घेत बसले. अर्ध्यापाऊण तासानें नळीचें टोंक स्वच्छ फडक्यानें पुसून लावलें, तों खट् असा आवाज होऊन तें बसलें. अर्धापाऊण तास गेला खरा. पण पंप वांचला, आणि कदाचित् एक हातहि वांचला. ताणलेल्या दोराची गांठ सुटत नाहीं, आधीं दोर सैल करावा लागतो, हें बैल जुंपणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होतें. दोराचा ताण डोळ्यांस दिसे, तेलाचा दिसत नाहीं. म्हणून तेथें अधिक सावध राहावें. पुढच्या खेपेस गांवीं गेलांत तर एवढें एक आपल्या माणसांना अवश्य सांगा.