पायाचे हाड जबड्यात : फ्लॅप शस्त्रक्रिया म्हणजे काय?

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाची गाठ काढायची ठरली की डॉक्टर एका दमात दोन गोष्टी सांगतात. एक, गाठ काढणार. दुसरी, तिथे 'फ्लॅप' बसवणार. हिब्रूत त्याला 'मतले' म्हणतात. पहिली गोष्ट सर्वांना कळते. दुसरी ऐकून आपली वडील मंडळी बिचकतात. "पायाचं हाड काढून तोंडात घालणार म्हणे! त्यापेक्षा आहे तसंच राहू दे," असे म्हणून काही जण घरी परततात. गाठ मात्र वाढत राहते. नको म्हणायचेच असेल, तर निदान कशाला नको म्हणतो आहोत हे तरी आधी समजून घ्यावे.

गाठ काढताना तिच्या भोवतीचा साधारण एक सेंटीमीटर चांगला भागही काढावा लागतो. त्यामुळे जिभेत, गालात किंवा जबड्यात मोठी पोकळी पडते. कडा ओढून ती शिवली तर जीभ तळाला जखडते, बोलणे बोबडे होते, घास पुढे सरकत नाही. शिवण उसवली तर लाळ मानेत झिरपते, आणि तिथे तर मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. म्हणून पोकळी भरून काढायची. हे नटणे-मुरडणे नव्हे, खाण्यापिण्याची सोय आहे.

भरायची कशाने? नुसत्या कातडीचा पातळ तुकडा लावला तर त्याला स्वतःचे रक्त नसते. खालची जागा पोसेल तेवढाच तो जगतो. फ्लॅप म्हणजे कातडी, मांस, कधी हाडसुद्धा, आपापल्या रक्तवाहिनीसह आणलेले. फांदी तोडून मातीत खोचणे वेगळे आणि मुळांसकट रोप लावणे वेगळे, तसेच हे आहे.

काही फ्लॅप मूळ जागेपासून न तोडता फिरवतात. ही युक्ती आपल्या मुलखातली आहे. कावसजी नावाचा इंग्रज फौजेतला गाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या एका वीट-कुंभार कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिले. ही हकीकत 1794 साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापली गेली आणि तिच्यावरून युरोपचे सर्जन शिकले. आपले समाजी हसाजी दिवेकर टिपूच्याच कैदेतून सुटले आणि त्यांनी 1796 साली मुंबईत शाआर हारहमीम हे प्रार्थनालय बांधले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कावसजी त्याच काळातला. उन्हाने नाकावर होणाऱ्या कातडीच्या कर्करोगानंतर कपाळाचा फ्लॅप आजही वापरतात. तोंडासाठी छातीचा स्नायू मानेच्या कातडीखालून वर आणतात. ही पद्धत 1979 पासून रुळली.

दुसरा प्रकार सुटा फ्लॅप. मनगटाजवळची पातळ, लवचीक कातडी जिभेला चांगली. मोठी पोकळी असेल तर मांडीचा भाग घेतात. जबड्यासाठी नडगीशेजारचे बारीक हाड. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलते आणि बारीक हाडाची गुडघ्याकडची व घोट्याकडची टोके जागेवर ठेवतात, म्हणून माणूस पुढे चालू शकतो. हाडाचे तुकडे जबड्याच्या आकारात टायटॅनियमच्या पट्टीवर बसवतात. मग दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने मानेतल्या वाहिन्यांना शिवतात. सगळ्याला आठ-दहा तास सहज लागतात. बाहेर बसलेल्या मुलांनी वेळ लागला म्हणून घाबरू नये.

खरी कसोटी पहिल्या दोन-तीन दिवसांची. नर्स तासातासाला येऊन फ्लॅपचा रंग बघते, तो गरम आहे का ते तपासते, यंत्राने रक्ताचा आवाज ऐकते. झोपमोड होते, पण चिडू नका. वाहिनीत गुठळी झालीच, तर ताबडतोब पुन्हा आत नेल्यास फ्लॅप बहुधा वाचतो. अनुभवी रुग्णालयांत शंभरातले पंचाण्णवच्या आसपास फ्लॅप जगतात. तंबाखू, मशेरी, सिगारेट मात्र आधीपासून बंद हवी. निकोटीनने वाहिन्या आकसतात. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर ती आधीच सांगावी.

"ह्या वयात कशाला?" हा प्रश्न मुलेही विचारतात. नुसत्या वयावरून डॉक्टर नकार देत नाहीत. हृदय, फुप्फुसे आणि अंगातली ताकद बघतात. प्रकृती नाजूक असेल तर थोड्या वेळात होणारा छातीचा फ्लॅप निवडतात. तो हलक्या दर्जाचा, असे मुळीच समजू नये.

आता आपल्या लोकांसाठी खास. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी घालतात, त्यामुळे काही दिवस आवाजच फुटत नाही. बाकीचे रुग्ण पाटीवर लिहून दाखवतात. ज्यांना फक्त मराठी लिहिता येते त्यांचे काय? नर्सला ते वाचता यायचे नाही. म्हणून आधीच नातवंडांकडून एक पुठ्ठा करून घ्या. एका बाजूला मराठी, समोर हिब्रू, शेजारी चित्र: दुखते, श्वास अडतो, लघवी, पाणी, थंडी वाजते, मुलीला बोलवा. कुपात होलीमचा टोफेस 17 काढताना एकीकडे हेही उरकून घ्यावे.

बसवलेला भाग आपणहून हलत नाही. उरलेली जीभ त्याला चालवते. चव नाही, गरम-गारही नीट कळत नाही, म्हणून चहा आधी ओठाला लावून बघावा. हाताच्या कातडीवर केस असतील तर ते तोंडातही उगवतात! त्याला उपाय आहे, लाजू नये. सुरुवातीला नाकातल्या नळीतून अन्न देतात. मग क्लिनाईत तिक्शोरेत, म्हणजे बोलण्या-गिळण्याची शिक्षिका, गिळायला शिकवते. पातळ पदार्थ श्वासनलिकेत घसरतो, घट्टसर सांभाळता येतो. म्हणून किद्दूशचे मनुकांचे शरबतसुद्धा तिला विचारल्याशिवाय घोटभरही घेऊ नये. ती घट्ट करण्याची पूड देते. पुढे किरणोपचार झाले तर तोंड कोरडे पडते आणि मलिद्याचे सुटे पोहे व खोबऱ्याचा कीस घशात अडकतात. तिची परवानगी मिळाली की पोहे नारळाच्या दुधात चांगले भिजवून, घोटून द्यावेत.