घोडा निवडताना : उरणच्या ट्रेलरचे गणित

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. भरपाईचा पैसा कोणी घरात घातला, कोणी ट्रेलरमध्ये. शेतीची जागा घेणारा हा व्यवसाय टिकेल की बुडेल, हे पुष्कळदा पुढच्या ओढणाऱ्या गाडीवर, म्हणजे चालकांच्या भाषेतल्या 'घोड्या'वर ठरते.

विकत घेणारा प्रथम अश्वशक्ती विचारतो. खरा प्रश्न वजनाचा आहे. जुलै २०१८ च्या सुधारित नियमांनुसार पुढच्या एकेरी आसाला ७ टन, चार टायरच्या मागच्या आसाला ११.५ टन आणि ट्रेलरच्या तीन आसांना मिळून २७ टन मर्यादा आहे. म्हणजे सहा टायरच्या घोड्यासह एकूण ४५.५ टन. घोडा सुमारे ७ टन, रिकामा ट्रेलर सुमारे ७ टन धरा. वीस फुटी कंटेनर भरून जास्तीत जास्त ३०.४८ टनांपर्यंत जातो. बेरीज साडेचव्वेचाळीस : एक टन शिल्लक!

पण बेरीज जमली म्हणजे सारे जमले असे नाही. ट्रेलर आणि माल मिळून साडेसदतीस टन. मागचे आस सत्तावीस पेलणार, उरलेले सुमारे साडेदहा टन किंगपिनमधून घोड्यावर येणार. कंटेनर थोडा पुढे बसला, तर मागचा आस मर्यादा ओलांडतो. फार मागे बसला, तर घोडा हलका होतो आणि पावसाळ्यात बोरघाटाच्या चढावर चाके जागेवरच फिरतात. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २,००० रुपये आहे. एका फेरीची कमाई त्यात सहज जाते.

दहा टायरच्या घोड्यात मागे दोन आस असतात. त्यांची मर्यादा २१ टन, म्हणून एकूण ५५ टन. पकड भक्कम मिळते, पण घोड्याचे स्वतःचे वजन, टायरचा खर्च आणि डिझेल वाढते. बंदर ते जवळच्या गोदामापर्यंतच्या सपाट रस्त्यावर हलका माल वाहणाऱ्याला तो महागच पडेल. लोखंड किंवा दगडाच्या लाद्या घेऊन पुण्याकडे घाट चढणाऱ्याला मात्र तोच परवडतो. त्याने उतारासाठी इंजिन ब्रेकही पाहून घ्यावा, कारण नुसत्या पायातल्या ब्रेकवर घाट उतरवला, तर ते तापून निकामी होतात.

म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : कोणता माल, कोणता रस्ता, महिन्यात किती फेऱ्या रिकाम्या. जमीन एकदाच विकली जाते. तिच्या पैशाने घेतलेला घोडा हप्ता फिटेपर्यंत धावला पाहिजे.