लिंबांची काचघरे

उत्तर इटलीतील गार्दा सरोवर ४६ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, आल्प्सच्या पायथ्याशी आहे. तेथील हिवाळ्यात लिंबू तगणे कठीणच. तरीही कित्येक पिढ्यांचा व्यापार लिंबांवरच चालला.

डोंगरउतारावर पायऱ्या बांधीत. उत्तरेस उंच भिंत, पुढे दगडी खांबांच्या रांगा. उन्हाळ्यात झाडे मोकळ्या आकाशाखाली असत. थंडी पडताच खांबांवर तुळया टाकून फळ्यांचे छप्पर घालीत, दक्षिणेस काचेची तावदाने बसवीत. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देई, सरोवराचे पाणीही गारठा बोथट करी. कडाक्याच्या रात्री आत शेकोट्या पेटत. जर्मन महाकवी गटे यांनी १७८६ साली नावेतून जाताना हे खांब पाहिले होते.

लाकूड, काच, मजुरी हा खर्च दरवर्षीचा. पण आल्प्सपलीकडे गिऱ्हाईक होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डिंक्या रोग आला. इटलीच्या एकीकरणानंतर सिसिलीचे स्वस्त लिंबूही उत्तरेच्या बाजारात उतरले. त्याला ना छप्पर लागे, ना शेकोटी! हिशेबी माणसाला रोगापेक्षा हा घाव मोठा वाटेल. उरल्यासुरल्या बागांपैकी अनेक १९२८-२९ च्या थंडीने संपविल्या.

आज लिमोने गावातील एक जुनी बाग दुरुस्त करून प्रवाशांसाठी खुली ठेवली आहे. इतरत्र बव्हंशी नुसते खांब उभे आहेत.