भाषांचं नातं: रक्ताचं आणि शेजाराचं

निपाणी-बेळगावकडचा मराठी माणूस 'काय करायलायस?' असं विचारतो. 'करायला लागलायस'चंच हे आखूड रूप. त्याच गल्लीतला कन्नडभाषक विचारतो, 'एन माडाक हत्ती?' माडाक म्हणजे करायला आणि हत्तु म्हणजे चिकटणं, लागणं. दोन्ही वाक्यांत एकही शब्द समान नाही, तरी साचा हुबेहूब तोच. मग या दोन भाषा एकाच आईच्या लेकी मानायच्या का?

असाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात युरोपातही पडला होता. रोमच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या इट्रुस्कन लोकांची लिपी वाचता येत होती, पण अर्थ लागत नव्हता. रॉबर्ट एलिस यांनी १८६१ मध्ये इट्रुस्कनांचं मूळ आर्मेनियात असल्याचं मांडलं. पुढे १८९० मध्ये सोफुस बुग्गे या नॉर्वेच्या मातबर पंडितानेही दोन्ही भाषांची सांगड घातली. दोघांचाही भर मिळत्याजुळत्या शब्दांवर होता. १९६४ मध्ये पिर्गी इथे सोन्याचे तीन पत्रे सापडले, दोन इट्रुस्कन भाषेतले आणि एक फिनिशियन. मजकूर साधारण एकच असल्यामुळे इट्रुस्कन 'की' म्हणजे तीन, हे पक्कं झालं. आर्मेनियन तीन 'येरेक'. आज आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा मानली जाते, तर इट्रुस्कन त्या कुळाबाहेरची.

नुसता सारखेपणा दिसला म्हणून नातं ठरत नाही, त्यात नियम सापडावा लागतो. तमिळमध्ये दूध 'पाल', कन्नडमध्ये 'हालु'. दात तिकडे 'पल', इकडे 'हल्लु'. वाघ तिकडे 'पुलि', इकडे 'हुलि'. शब्दामागून शब्द घ्या, 'प'च्या जागी 'ह' येत राहतो. रक्ताचं नातं म्हणतात ते हे, आणि ते इतकं उघड दिसावं याचं मला फार अप्रूप वाटतं. मराठी-कन्नडमध्ये असं काही हाती लागत नाही. आपलं एक, दोन, तीन. त्यांचं ओंदु, एरडु, मूरु. अक्का, अण्णा, तूप हे शब्द दोन्हीकडे आहेत, आपल्या अडकित्त्यात त्यांची 'अडिके' म्हणजे सुपारी आहे. पण ही सगळी देवाणघेवाण शेजाराची.

हा शेजार किती खोल जातो, ते सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी नोंदवलं. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना परिचित आहे. गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या. घरात आपली भाषा, चावडीवर-बाजारात दुसऱ्याची. शब्द ज्याचे त्याचे राहिले, वाक्यरचना मात्र जवळजवळ एक झाली. मराठीत 'कापून घेऊन आलो', उर्दूत 'काट के ले के आया', कन्नडमध्ये 'कोय्दु तगोंडु बंदे'. एकेक तुकडा काढून त्या जागी दुसऱ्या भाषेतला बसवावा, वाक्य तसंच उभं राहतं. व्याकरण म्हणजे भाषेचा सर्वांत पक्का भाग, तो सहसा हलत नाही, या समजाला कुपवाडने मोठाच धक्का दिला.

इट्रुस्कनचा खरा माग आर्मेनियापेक्षा तिच्या शेजाऱ्यांकडेच लागतो. लॅटिनमधला 'पर्सोना' म्हणजे मुखवटा हा शब्द बहुतेक अभ्यासक इट्रुस्कन 'फेर्सू'शी जोडतात. इंग्रजीतला 'पर्सन' त्यातूनच आला. आणि ज्या रोमन लिपीत आज अर्धं जग लिहितं, ती ग्रीकांकडून रोमनांकडे पोचली ती इट्रुस्कनांच्या हातून.